उंबराखालच्या दवाखान्यातलं ‘येस’

एका जंगलात एक दवाखाना होता.

हसू नका. जंगल म्हटलं की तुम्हाला लगेच वाघ आठवतो. पण मुलांनो, जंगलात वाघापेक्षा पोटदुखी जास्त असते. वाघ कधीतरी येतो. पोटदुखी रोज येते, आणि अधूनमधून वाघालाही येते. म्हणून दवाखाना.

एका मोठ्या उंबराखाली तो भरायचा. वर फांद्यांवर पक्ष्यांचा वॉर्ड, खाली पाचोळ्यावर चौपायांचा वॉर्ड. डॉक्टर होते कासवे. मोठे विद्वान. पण ते फेरीला निघाले की शेवटच्या पेशंटपाशी पोचेपर्यंत तो पेशंट बरा होऊन घरी गेलेला असायचा, नाहीतर कंटाळून गेलेला असायचा. त्यामुळे दवाखाना खरा चालायचा तो नर्सच्या जिवावर. आणि नर्समध्ये पहिलं नाव होतं मंजुळा साळुंकीचं.

मंजुळा जात्याच बोलकी. औषध देताना तर तिच्या तोंडाला खळ नसायचा.

“आ करा, आबा. कडू आहे बरं का. शिव्या द्यायच्या असतील तर आधीच देऊन घ्या, नंतर तोंड कडू झालं की शिवीलाही चव राहत नाही.”

म्हातारा पेशंट हसायचा. हसताना तोंड उघडायचं. मंजुळा चमचा आत सारायची.

पण बडबडीच्या पोटात ती सगळं विचारून घ्यायची. सकाळी काय खाल्लंत? काल पोट साफ झालं का? काय सोसत नाही? मागे कधी कशाने अंग सुजलं होतं का? पेशंटला वाटायचं, बाई गप्पा मारतेय. बाई तपासत असायची.

तर असा तो दवाखाना बरा चालला होता. आणि बरं चाललेलं कोणाला बघवतं?

झालं असं, की हिवाळ्यात तळ्यावर परदेशी क्रौंचांचा थवा उतरला. त्यातल्या एका म्हाताऱ्या क्रौंचाचा घसा बसला. तो दवाखान्यात आला. मंजुळाने त्याला विचारलं, “काय होतंय, पाहुणे?” क्रौंच गप्प. तिने अडुळशाचा काढा पुढे केला. क्रौंचाने एक घोट घेतला, डोळे पांढरे केले आणि एवढ्या जोरात पंख फडफडवत उडून गेला, की झाडावरची कच्ची उंबरंसुद्धा खाली पडली.

दवाखान्याचे प्रमुख होते गेंडाजीराव. ते धावत बाहेर आले.

“काय झालं? परदेशी पाहुणा का गेला?”

“काढा कडू लागला असेल, साहेब,” मंजुळा म्हणाली.

“काढा कडू असतोच. तू त्याला इंग्रजीत काय सांगितलंस?”

“मला इंग्रजी येत नाही, साहेब.”

गेंडाजीराव हताश होऊन खाली बसले. उंबर पुन्हा हादरलं.

“तरीच आपलं नाव या तळ्यापलीकडे जात नाही!” ते म्हणाले.

आता खरं सांगायचं तर इंग्रजी गेंडाजीरावांनाही येत नव्हतं. पण त्यांची कातडी एवढी जाड होती, की आतलं काही बाहेर दिसत नसे. मोठ्या जागेवर बसायला हा गुण फार उपयोगी पडतो. तुम्ही मोठे झालात की कळेल.

दुसऱ्याच दिवशी हुकूम सुटला. यापुढे पेशंटला औषध देताना प्रत्येक नर्सने इंग्रजीतच बोलायचं. पेशंट क्रौंच असो, कोल्हा असो, की शेजारच्या बिळातला उंदीर असो. क्रौंच वर्षातून एकदा यायचे. हुकूम मात्र बारमाही झाला.

शिकवायला हुदहुदे सर आले. डोक्यावर तुरा, चोच वाकडी, आणि बोलताना मान अशी पुढेमागे, की ऐकणाऱ्यालाही हो म्हटल्यासारखं वाटावं. ते कुठल्याशा दूरच्या देशात एक हिवाळा काढून आले होते, असं ते स्वतःच सांगत.

“औषध हे दुय्यम आहे,” सरांनी पहिल्या तासाला सांगितलं. “मुख्य आहे कम्युनिकेशन. म्हणा माझ्यामागून. गुड मॉर्निंग! आय ॲम युवर नर्स! धिस इज युवर मेडिसिन!”

सगळ्या नर्स म्हणाल्या.

“आता स्माइल.”

सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. थोड्या रानमांजरीसारख्या चौपायी, पण निम्म्याअधिक नर्स पक्षी होत्या. चोचीने हसायचं कसं?

पाणकोंबडी जरा भित्री होती. तिने पंख वर केला. “सर, पेशंटला कळलंच नाही तर?”

सरांनी तुरा उभा केला. “पेशंट शेवटी काय म्हणतो?”

“काय म्हणतो, सर?”

“येस म्हणतो. पेशंटने येस म्हटलं, की कम्युनिकेशन कम्प्लीट. पुढच्या पेशंटकडे जायचं.”

मंजुळा हे सगळं कान टवकारून ऐकत होती. साळुंकीची जात ती. एकदा कानावर पडलेला आवाज ती विसरत नाही. आठवडाभरात ती अशी काही इंग्रजी फाडू लागली, की हुदहुदे सर डोळे मिटून ऐकत बसायचे. गेंडाजीरावांनी तिला ‘बेस्ट कम्युनिकेटर’ म्हणून जाहीर केलं आणि तिच्या गळ्यात पळसाच्या फुलांचा हार घातला.

मंजुळाला काय वाटलं म्हणता? अहो, अगदी गोड वाटलं. खोटं कशाला सांगू? ती तळ्यावर जाऊन पाण्यात स्वतःचं प्रतिबिंब बघून आली. प्रतिबिंबाला ‘गुड मॉर्निंग’ म्हणून आली. घरी नवऱ्याने “भूक लागलीय गं” म्हटलं, तर ती त्याला म्हणाली, “हाऊ आर यू फीलिंग टुडे?” तो बिचारा त्या दिवशी उपाशीच झोपला.

दवाखान्यात मग इंग्रजी सुरू झालं. आणि काय सांगू मुलांनो, काय काय घडू लागलं!

एका वानराची पाठ धरली होती. मंजुळाने त्याला तेलाचा बुधला दिला आणि म्हणाली, “शेक वेल बिफोर यूज.”

“येस,” वानर म्हणाला.

घरी जाऊन त्याने विचार केला. बाईने काय सांगितलं? शेक. वेल. म्हणजे वेल शेकायचा. त्याने गुळवेलाचं भेंडोळं तोडून आणलं, निखाऱ्यावर शेकलं आणि पाठीला बांधलं. तेल बायकोने भाजीला वापरलं. चार दिवसांत वानर झाडावरून उड्या मारायला लागला.

“बघा,” हुदहुदे सर म्हणाले, “इंग्रजीने गुण येतो.”

घरी जाणाऱ्या प्रत्येक पेशंटला नर्स म्हणायच्या, “टेक केअर!” पेशंटला ऐकू यायचं, टाक केर. प्रत्येक जण निमूटपणे आपल्याखालचा पाचोळा गोळा करायचा आणि जाता जाता ओढ्यापलीकडे टाकून यायचा. दवाखाना असा लख्ख झाला, की डॉक्टर कासवे वाट चुकले.

एकदा मात्र प्रकरण चिघळलं. एका अस्वलाला मधातलं औषध चालू होतं. चमचा चाटून झाल्यावर ते आणखी मागू लागलं. मंजुळा ठणकावून म्हणाली, “नो मोर टुडे!”

शेजारच्या फांदीवर पायाला पट्टी बांधलेला एक मोर बसला होता. तो एकदम उठला.

“मोर नको? मी सकाळपासून इथे बसलोय, आणि आता म्हणता मोर नको?”

तो लंगडत निघून गेला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यासमोर सगळ्या जंगलातले मोर पिसारे फुलवून बसले. पेशंटना आत येता येईना. गेंडाजीरावांनी हुदहुदे सरांकडून खुलासा करवला. सर दगडावर चढून मोठ्याने म्हणाले, “नो मोर मीन्स नो मोर!”

मोर आणखी भडकले.

शेवटी त्या मधासाठी हटून बसलेल्या अस्वलापुढे मंजुळाने हात टेकले आणि ती म्हणाली, “ओके, वन मोर.” मोरांनी ते ऐकलं. एका मोराची जागा राखून ठेवली असं समजून ते आनंदाने घरी गेले.

अशा गमती चालल्या होत्या. सगळे खूश होते. फक्त एक अडचण होती.

औषध देण्याआधी नर्सला एक प्रश्न विचारायचा होता, “आर यू ॲलर्जिक टू एनीथिंग?” म्हणजे तुम्हाला काही सोसत नाही का? पेशंट काय म्हणणार? येस. ससा म्हणाला येस. साळिंदर म्हणालं येस. ज्याला आयुष्यात कधी शिंकसुद्धा आली नव्हती तो रेडाही म्हणाला येस. अख्ख्या दवाखान्याला सगळंच सोसेनासं झालं. औषधं तशीच पडून राहू लागली.

पाणकोंबडी घाबरून सरांकडे गेली. सरांनी थोडा विचार केला आणि चुटकीसरशी तोड काढली.

“प्रश्न बदला. असं विचारा, ‘यू आर नॉट ॲलर्जिक, राइट?’”

म्हणजे तुम्हाला सगळं सोसतं, बरोबर ना? पेशंट म्हणाले, येस. औषधं पुन्हा सुरू झाली. अडचण मिटली.

मंजुळाला त्या वेळी आपला जुना प्रश्न आठवला, काय सोसत नाही? घटकाभर आठवला. मग तिने गळ्यातला हार सारखा केला आणि ती कामाला लागली.

आणि मग एक दिवस रेवतीकाकू आल्या.

रेवतीकाकू म्हणजे सांबरीण. वयस्क, उंच, मोठ्या घरच्या. त्यांची नातवंडं टेकडीवरच्या इंग्रजी शाळेत जायची. काकू चारचौघांत सांगायच्या, “आमच्याकडे आता सगळं इंग्रजीतच चालतं.” चालत होतं हे खरं. काकू त्या वेळी बाहेर बसायच्या, एवढंच.

काकूंचे गुडघे धरले होते. डॉक्टर कासव्यांनी बिब्ब्याचं चाटण सांगितलं. आता बिब्बा ठाऊक आहे ना? काळं फळ. कोणाला अमृतासारखं लागू पडतं. पण कोणाला तो उततो. उतला की ओठ सुजतात, अंगावर फोड येतात, घसा आवळतो. आजीला विचारा, ती सांगेल.

त्याच सकाळी दवाखान्यात गडबड होती. क्रौंचांचा थवा पुन्हा तळ्यावर आला होता, आणि गेंडाजीरावांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. आमचा दवाखाना पाहा, आमचं इंग्रजी ऐका! दारात तोरण लागलं. नर्सना ताकीद मिळाली. आज कोणाच्या तोंडून जंगलची भाषा निघाली, तर तिची गाठ गेंडाजीरावांशी.

मंजुळा चाटणाची वाटी घेऊन रेवतीकाकूंसमोर उभी राहिली. मागे पाहुणे येत होते. तिने आवाज लावला.

“गुड मॉर्निंग, मॅडम! आय ॲम युवर नर्स!”

“येस,” काकू ताठ मानेने म्हणाल्या.

“धिस इज युवर मेडिसिन. फॉर युवर नीज.”

“येस, येस.”

“यू आर नॉट ॲलर्जिक, राइट?”

काकूंनी एकदा डावीकडे पाहिलं. एकदा उजवीकडे पाहिलं. शेजारच्या नीलगाईचं आपल्याकडे लक्ष आहे हे त्यांनी पाहिलं. “येस,” काकू म्हणाल्या. “ऑफ कोर्स येस.”

मंजुळाने पहिला चमचा दिला.

तेवढ्यात पाहुणे आत आले. सगळ्यांत पुढे तोच म्हातारा क्रौंच होता. गेंडाजीराव पोट आत ओढून उभे राहिले. हुदहुदे सर तुरा फुलवून पुढे झाले.

“वेलकम, सर! आर यू कम्फर्टेबल?”

“येस,” क्रौंच म्हणाला.

“डू यू लाइक अवर हॉस्पिटल?”

“येस.”

“एनी कंप्लेंट, सर?”

“येस.”

गेंडाजीराव खदाखदा हसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या.

“शॅल वी गो इन, सर, ऑर वुड यू सिट आउटसाइड?”

“येस,” क्रौंच म्हणाला, आणि आत नाही, बाहेर नाही, जिथल्या तिथे उभा राहिला.

मंजुळाचा दुसरा चमचा वाटीतच थांबला. तिने क्रौंचाच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते डोळे सरांच्या चोचीवर खिळले होते. चोच कधी थांबते आणि आपण कधी येस म्हणतो, एवढीच त्यांना घाई होती. जरा भीती. जरा लाज. सुटका होईल तर बरं, असा भाव.

हे डोळे ती ओळखत होती. हे डोळे तिने रोज पाहिले होते. वानराचे पाहिले होते, सशाचे पाहिले होते. पाहूनही पाहिले नव्हते.

अरे देवा, या क्रौंचाला इंग्रजी येतच नाही!

होय मुलांनो. तो लांब बर्फाच्या देशातून आलेला. तिथली भाषा बर्फाची. इंग्रजी त्याच्या सात पिढ्यांनी ऐकलं नव्हतं. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यालाच त्यातलं काही कळत नव्हतं.

मंजुळाने मान वळवून रेवतीकाकूंकडे पाहिलं. तेच डोळे. आणि डोळ्यांखाली काकूंचे ओठ. ते जरा जाड दिसत होते. मघाशी असे नव्हते.

“हाऊ आर यू फीलिंग?” तिच्या तोंडून सवयीने निघालं.

“येस,” काकू म्हणाल्या. पण तो शब्द ओठांतून नीट बाहेर पडेना. कान लाल झाले होते. मानेवर पुरळ उठत होतं.

 मंजुळाने हातातली वाटी बाजूला टाकली.

“काकू!” ती ओरडली. इंग्रजीत नाही. आईने चोचीत चारा घालताना शिकवलेल्या भाषेत ओरडली. “काकू, तुम्हाला बिब्बा उततो का?”

 गेंडाजीरावांचं हसू तोंडावरच राहिलं.

काकूंनी सुजल्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. “बिब्बा? बिब्बा होता तो? अगं बाई, मला लहानपणापासून उततो! एकदा नुसता धूर लागला तर...” पुढचं त्यांना बोलवेना. घसा आवळत चालला होता.

“सिस्टर, इंग्लिश प्लीज!” हुदहुदे सर मागून कुजबुजले.

मंजुळाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“पाणकोंबडे, पळ! खोबरं आण, तीळ वाटून आण! रानमांजरे, पाणी! काकू, मान वर करा. श्वास घ्या. हळू. माझ्याकडे बघा, इकडे तिकडे नको. आता कोणी बघत नाहीये.”

बघत सगळेच होते. पण काकूंनी श्वास घेतला.

मंजुळाने त्यांच्या ओठांना खोबरेल चोळलं. वाटलेले तीळ मानेवर लावले. खोबऱ्याचं दूध थेंब थेंब घशात सोडलं. आणि सारा वेळ तिची बडबड चालू होती. “हां, गिळा. आणखी एक. जळजळतंय? जळजळू द्या, जळजळतंय म्हणजे जीव जागेवर आहे. आता थंड वाटतंय का? खरं सांगा हं, नुसतं हो म्हणू नका.”

“नाही वाटत,” काकू पुटपुटल्या.

“शाब्बास!” मंजुळाला रडू यायचं राहिलं होतं ते आलं. “नाही म्हणालात, आता काळजी नाही.”

दुपार कलेपर्यंत सूज उतरू लागली. काकूंनी डोळे उघडले. नीलगाईने सुस्कारा सोडला.

म्हातारा क्रौंच मात्र सगळ्या वेळात जागचा हलला नव्हता. आता तो मंजुळासमोर येऊन उभा राहिला. त्याने चोच उघडली आणि पंखाच्या टोकाने घसा दाखवला. मंजुळाने आत डोकावलं. तिने ज्येष्ठमध आणला, स्वतः एक काडी चघळून दाखवली, छान म्हणून डोळे मिटून दाखवलं. मग चोचीने वर सूर्य दाखवला, मग टेकडीमागे मावळताना दाखवला. सकाळी एक, संध्याकाळी एक. क्रौंचाने मान हलवली. या वेळी तो येस म्हणाला नाही. काडी घेतली, चघळली आणि आपल्या बर्फाच्या भाषेत काहीतरी लांबलचक बोलून उडून गेला.

“पाहुणे खूश होऊन गेले,” गेंडाजीराव म्हणाले. “आपलं इंग्रजी आवडलं त्यांना.”

इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का? नर्सने चूक केली, नर्सने निस्तरली, जीव वाचला. पण मुलांनो, वाचलेला जीव गप्प बसत नाही.

अंग बरं वाटू लागताच रेवतीकाकू तरातरा गेंडाजीरावांकडे गेल्या.

“माझी तक्रार आहे.”

“बिब्ब्याबद्दल?” गेंडाजीराव चपापले.

“छे! बिब्बा उतला, सूज उतरली, विषय संपला. पण त्या साळुंकीने चारचौघांत, परदेशी पाहुण्यांदेखत, नीलगाईसमोर मला जंगलच्या भाषेत विचारलं! जसं काही मला इंग्रजी येतच नाही. सूज उतरली, साहेब, पण त्याबरोबर अब्रूही उतरली. ती कुठल्या तेलाने परत चढायची?”

गेंडाजीरावांना हे पटलं. लगेच चौकशी बसली.

निरोप आला तेव्हा मंजुळा फांदीच्या टोकाला एकटीच बसली होती. काकूंची तक्रार तिला लागली होती. पण तो पहिला चमचा तिला जास्त लागला होता. तो तिने आपल्या हाताने दिला होता, आणि आवाज लावून दिला होता. गळ्यातला वाळलेला हार तिने काढून खाली सोडून दिला. खाली एक शेळी उभी होती. तिने तो खाल्ला.

चौकशीला गेंडाजीराव मधोमध बसले. हुदहुदे सर प्रश्न विचारायला उभे राहिले. सर प्रश्न विचारण्यात फार तरबेज होते. उत्तर ऐकणं हे त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

“सिस्टर मंजुळा! डिड यू ब्रेक द रूल?”

मंजुळाने गेंडाजीरावांकडे पाहिलं. सरांच्या पुढेमागे हलणाऱ्या मानेकडे पाहिलं. आणि तिच्या डोळ्यांत, सकाळपासून पहिल्यांदाच, एक चमक आली.

“येस,” ती म्हणाली.

“आर यू सॉरी?”

“येस.”

“आर वी बोथ फूल्स टू यू?” सरांनी रागाने विचारलं.

“येस,” मंजुळा अदबीने म्हणाली.

“विल यू डू इट अगेन?”

“येस. येस, सर.”

सर गेंडाजीरावांकडे वळले. “चारही उत्तरं येस. कम्युनिकेशन कम्प्लीट, साहेब.”

“उत्तम,” गेंडाजीराव म्हणाले. “सुधारली. जाऊ द्या तिला कामावर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळा वॉर्डात परत आली. पहिलीच जागा रेवतीकाकूंची. गुडघ्यांसाठी आता दुसरं औषध होतं, निर्गुडीचं. मंजुळा समोर उभी राहिली. दोघी एकमेकींकडे बघेनात.

“गुड मॉर्निंग, मॅडम,” मंजुळा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “धिस इज युवर मेडिसिन.”

“येस, थँक्यू,” काकू नीलगाईला ऐकू जाईल अशा म्हणाल्या.

मग काकूंनी मान खाली घातली. एवढी मोठी सांबरीण, पण कान अगदी साळुंकीच्या चोचीजवळ आणला.

“आता खरं सांग गं,” त्या हळूच म्हणाल्या. “कसलं आहे?”

“निर्गुडी. कडू आहे. सोसते का?”

“सोसते. काल रागावले मी तुझ्यावर.”

“मी तुम्हाला मारलंच होतं, काकू. रागवायला हवंच होतं. पण भलत्याच गोष्टीवर रागावलात.”

काकूंचे कान थरथरले. हसू आलं की सांबराचे कान थरथरतात. तेवढ्यात मंजुळाने चमचा आत सारला.

नीलगाय मोठी चाणाक्ष. तिने हे पाहिलं. तिच्यापाशी मंजुळा आली, इंग्रजीत सगळं म्हणून झालं, नीलगाय येस म्हणाली, आणि लगेच कान पुढे करून म्हणाली, “मलाही ते कानातलं दे.”

हळूहळू सगळे मागू लागले. पाणकोंबडी शिकली, रानमांजर शिकली. आधी मोठ्याने इंग्रजी, मग कानात औषध. वरून पाहणाऱ्याला वाटावं, नर्स पेशंटला लाडाने गोंजारतेय. हुदहुदे सरांनी त्याला ‘पर्सनल टच’ असं नाव दिलं आणि तो आपल्या शिकवणीत घातला. आसपासच्या जंगलांतून पेशंट येऊ लागले. तिथेही मग हाच हुकूम निघाला. सर तिथेही शिकवायला जाऊ लागले. दवाखान्याचं नाव तळ्यापलीकडे गेलं.

आणि एके दिवशी हुदहुदे सर स्वतःच आजारी पडले. रानोरानची किडकी उंबरं खाऊन पोटात मुरडा आला होता. पंख पसरून फांदीवर आडवे झाले. तुरा मिटला होता. सगळ्या नर्स लांबून बघत होत्या.

मंजुळा वाटी घेऊन आली.

“गुड मॉर्निंग, सर! आय ॲम युवर नर्स. धिस इज युवर मेडिसिन. टेक इट आफ्टर फूड, डोंट च्यू, स्वॉलो. यू आर नॉट ॲलर्जिक, राइट?”

अगदी शुद्ध, अगदी स्पष्ट. सरांनी शिकवलं होतं तसंच.

“येस,” सर क्षीण आवाजात म्हणाले.

मंजुळा वळली आणि पुढच्या पेशंटकडे निघाली.

“सिस्टर...”

ती थांबली. सरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. गेंडाजीराव लांब तळ्यावर लोळत होते. सरांनी हळूच मान कलती केली आणि कानावरची पिसं बाजूला सारली.

“आणि ते कानातलं?” सर म्हणाले. “ते नाही का द्यायचं?”

तात्पर्य: आजाऱ्याशी नेहमी मोठ्या भाषेत बोलावं, त्याने दवाखान्याची शोभा वाढते. आजाऱ्यानेही न कळता येस म्हणावं, त्याने आजाऱ्याची शोभा वाढते. जीव वाचवायचाच झाला तर तो कानात वाचवावा. चारचौघांत जीव वाचवणाऱ्याला क्षमा नसते. कळलं ना, मुलांनो? सगळे कसे एका सुरात ‘येस’ म्हणालात! शहाणी पोरं. जंगलाची चिंता मिटली.